सालीवरचे पांढरे जाळे

मी सालीवर राहणारी एक म्हातारी कीड आहे. म्हातारी म्हणजे दीड महिन्याची. आमच्यात तेवढे वय पुष्कळ झाले. मित्रांनो, मी तिळाएवढी. तुमच्या भाषेत मला धड नावसुद्धा नाही. माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे का, याची मलाच खात्री नाही. तरी सांगते.

कराडजवळ लालासाहेबांच्या उसाच्या बांधावर सिल्व्हर ओकचे उंच झाड आहे. त्याच्या खरखरीत सालीच्या भेगेत माझा जन्म झाला. सालीवरची बुरशी, शेवाळ हे माझे अन्न. हिरवे पान मी कधी कुरतडले नाही. साल स्वच्छ ठेवली. पण आम्ही कुणाच्या नजरेलाच पडत नाही, तर कौतुक कोण करणार?

पुढे मी एकोणीस अंडी घातली आणि त्यांच्यावर रेशमाचे जाळे विणले. शेजारणींनीही विणले. बुंधा पांढरा दिसू लागला आणि आम्ही नजरेला पडलो.

एका सकाळी लालासाहेब पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आले. मागोमाग त्यांच्या वृद्ध चुलती, बनुबाई.

"आवं काकी, ह्यो लोकरी मावाच! उसावरनं झाडावर चढलाय. आत्ता मारला न्हाई तर सगळा फड काळा पडंल."

पंपाचा दांडा हलला. शेजारणी भुर्रकन उडाल्या. पंख मलाही होते, पण अंड्यांना नव्हते. मी जाळ्याखाली पाय रोवून बसले.

"थांब रं." बनुबाईंनी बुंध्यावर तळवा फिरवला. माझ्या जाळ्याचा कोपरा फाटला. मग त्यांनी बोटे एकमेकांवर घासली. "माव्याचा चिक गळतो, त्यानं हात चिकाट हुतो, खालचं काळं पडतं. ह्यो बघ, कोरडा. खालचं गवात तरी कुटं काळं पडलंय?"

"मग काय हाय ह्ये?"

"मला काय ठावं! पर मावा न्हाई. आदी फवारायचं आन् मग इचारायचं, लय घाई तुला. चार दीस बघ."

"चारच हां," असे पुटपुटत त्यांनी पंप उतरवला.

तीन अंडी त्या तळव्याखाली चिरडली होती. मी फाटका कोपरा विणायला घेतला. वारा तो उसकटी, मी पुन्हा विणी. तीन दिवस मी दुसरे काही केले नाही.

चौथ्या दिवशी लालासाहेब पुन्हा पंप घेऊन आले. ऊस हिरवागार होता. त्यांनी आधी स्वतः बुंध्यावर बोट फिरवले, अंगठ्याशी घासून पाहिले आणि पंप तसाच घेऊन परत गेले. दुपारी माझी सोळा पिल्ले बाहेर आली.

मित्रांनो, आता माझ्याच्याने उडवत नाही. म्हणून एवढेच मागते. जो जीव तुम्हाला ओळखता येत नाही, त्याला मारण्याआधी चार दिवस थांबा. तुम्हाला ते थोडे वाटतील. आमची एक पिढी तेवढ्यात चालायला लागते.