आधी डोळा

"वाघ बरो आसा मास्तरांनू, पण बायेचो डोळो गळलो," भाई म्हणाला आणि त्याने माझ्यापुढे कागदाची पुडी उघडली. आत रंगाचा नखाएवढा पोपडा होता. त्यावर एक निळा डोळा. मला राहवलं नाही. मी तो चिमटीत धरला आणि त्याचा भुगा झाला.

त्या भुग्यामुळे मी या प्रकरणात अडकलो, नाहीतर रेडीच्या प्राथमिक शाळेतला मास्तर आणि भाईच्या हॉटेलातलं सकाळचं गिऱ्हाईक, एवढाच माझा संबंध. चौसष्ट सालची गोष्ट. बंदरात खनिज न्यायला परदेशी बोटी येत. त्यातल्या एका बोटीवरून भाईने दोन पेट्या आंबे आणि एक कोंबडा देऊन मोडकं यंत्र उतरवून घेतलं होतं. टेबलासारखे पाय, आत खिळे नि स्प्रिंगा, लोखंडी गोळी सोडून खेळायचं. ते विजेवर चालणारं आणि गावात वीज नाही, त्यामुळे खेळ कुणीच पाहिला नाही. पण यंत्राच्या माथ्यावर उभी काच होती आणि काचेवर चित्र. सर्कशीतली गोरी बाई वाघावर बसली आहे आणि थेट आपल्याकडे बघते आहे.

भाईच्या आईने, आनंदीबाईने, ती पाहिली आणि हात जोडले. वाघावर बसणारी दुसरी कोण असणार?

"कपडे कमी आसत," ती म्हणाली, "पण तिच्या गावात कापूड म्हाग असतला."

तेव्हापासून यंत्रावर रोज जास्वंदीचं फूल पडू लागलं. भाईने तर काचेच्या मागे, अगदी खेटून, गॅसबत्ती ठेवायला सुरुवात केली. दिवेलागणीला बाई अशी उजळायची की खलाशी चहाचा कप हातात धरून उभेच राहत. मीही राहिलो आहे. पण त्या आचेने दोन महिन्यांत रंगाला भेगा गेल्या आणि आषाढात डोळा गळला.

"भंगलेली मूर्त ठेवूची नाय," भाई म्हणाला. "माजी आवस म्हणता, नारळी पुनवेक दर्यात सोड. धंदोय बसलो बघा." पावसाळ्यात बंदर बंद असतं, धंदा दरवर्षीच बसतो. पण या वर्षी खापर फोडायला डोळा मिळाला होता.

मला त्या भुग्याची टोचणी होती. मी म्हणालो, "आधी गुरुदास चिताऱ्यांना दाखवू."

आमच्या गावात शाळा दोन. एक माझी आणि दुसरी गुरुदासआबांची, गणपतीची. त्यांच्या शाळेत मुलं आपल्या पायांनी जात. माती मळायला, साच्यातून काढायला, अंग रंगवायला तिथे पुष्कळ हात असत. डोळे मात्र सगळ्यात शेवटी आणि ते काढायचे आबांनीच. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक गणपतीने पहिल्यांदा बघितलं ते आबांकडे. अलीकडे त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे गावाला ठाऊक होतं आणि गाव बोलत नव्हतं. ते स्वतः म्हणत, "मळभ आसा."

आम्ही काच यंत्रावरून उतरवून आबांच्या शाळेत नेली आणि गोणपाटावर ठेवली. आबांनी ती उचलून दारात नेली, नाकाशी धरली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. मागून पाहिलं तर बाई नाही, वाघ नाही, नुसते पांढऱ्या-करड्या रंगाचे फराटे.

"मास्तरांनू, ह्येना मागसून काडल्यान."

"मागून म्हणजे?"

"रंग मागसून लायलो, आणि बघूचा म्होरसून. म्हंजे जा सगळ्यात वर दिसता, ता पयलां काडूक होया. आदी डोळ्यातलो उजेड. मगे काळी भावली. मगे निळो, मगे पांढरो. तोंड त्येच्या मागसून. एकदा काडला की काडला, वरसून सुदारूक गावणा नाय." त्यांचा आवाज खाली आला. "मी जल्मभर डोळो शेवटाक काडलंय. ह्येना डोळ्यापासून सुरवात केल्यान. तोंड नाय, बाई नाय, वाघ नाय, कोरी काच आणि तेच्यार उजेडाचो एक थेंबो. बाई खंय बसतली, ता तेका कसा कळला?"

इतके दिवस मी ती बाई पाहत होतो, पण तिच्या मागे बसलेला माणूस मला त्या क्षणी दिसला.

आबांची बायको तुळसा हात पुसत बाहेर आली होती. "आवशीच्या पोटात तसाच घडता," ती म्हणाली. "थंय तरी म्होरसून बघूक खंय गावता?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

उरलेले पोपडे वाचवायला त्यांना आठ दिवस लागले. काच पालथी घालून जवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेली चंद्रसाची राळ कोंबडीच्या पिसाने घ्यायची आणि भेगेच्या कडेला एकच थेंब सोडायचा. थेंब आपला आपण आत जाई आणि सुटलेला रंग काचेला धरी. पीस रंगाला टेकू द्यायचं नाही. त्या आठ दिवसांत एकही पोपडा गळला नाही.

डोळ्याला मात्र ते तयार नव्हते. "तेची बाई ती. तेच्यात माजो हात नको."

"मग भाई ती समुद्रात सोडील."

त्यांनी पीस खाली ठेवलं. "बुडवूक देवचंय नाय."

कंदिलांच्या फुटक्या काचा गोळा करून ते सराव करत बसले. मी शाळा सुटल्यावर जाई. चाळीस वर्षांचा हात आधी पांढऱ्याकडेच धावे. "हात आयकणा नाय," ते चिडून म्हणत आणि काच पुसत. पाचव्या दिवशी हाताने ऐकलं.

पुनवेच्या आदल्या सकाळी काच चौकटीत उभी केली. भाई आणि आनंदीबाई अंघोळ करून आले होते. आबा मागे बसले, तुळसा पुढे. तिने बघून सांगायचं आणि त्यांनी न बघता काढायचं.

"वायच वर. अजून. आता डावीकडे."

"कोणाच्या डावीकडे?"

"माज्या."

"कुंचलो माज्या हातात आसा. माज्या बाजून सांग."

"मगे उजवीकडे," ती म्हणाली, आणि आनंदीबाई पदराआड हसली. त्यानंतर कुणी हसलं नाही. आधी मोहरीएवढा उजेड उमटला. मग काळी बाहुली. मग रंग. मग त्याच्या मागे पांढरा भरला आणि बाईने आमच्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी एक पाऊल मागे सरकलो. आनंदीबाईचे हात जोडलेलेच होते.

आणि मग मला दिसलं. एक डोळा निळा होता आणि दुसरा हिरवा. भाईने तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्याचा पाय दाबला.

"तुळसा," मागून आवाज आला. "निळो आसा मा?"

काचेखाली आबांचे पाय तेवढे दिसत होते. ती हो म्हणू दे, असं मी मनात म्हणत होतो.

"नाय," तुळसा म्हणाली. "हिरवो झालो."

पाय हलले नाहीत. मागून कुंचला वाटीत ठेवल्याचा आवाज आला. "पण बघता मा?" त्यांनी विचारलं.

"बघता," ती म्हणाली. "माज्याकडेच बघता."

भाईने माझ्या पायाखालचा पाय सोडवून घेतला. "रवांदे आबा," तो म्हणाला. "आता दर्यात सोडूचंय नाय. गॅसबत्तीय लांब ठेवतंय."

तीन आठवड्यांनी मी गणपती आणायला गेलो. बेचाळीस मूर्ती ओळीने बसल्या होत्या, सगळ्यांचे डोळे कोरे. आबांनी अंघोळ केली, नेहमीच्या पाटाजवळ आले आणि बारीक कुंचला तुळसाच्या हातात दिला. बाईमाणसाने डोळे काढायची रीत नव्हती. दारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तुळसाही हात आखडून उभी राहिली.

"बस गो," आबा म्हणाले. "माका निळो दिसना नाय. तुका दिसता."

ती पाटावर बसली. रंगाची वाटी घेऊन आबा मूर्तीच्या मागे गेले आणि भिंतीला टेकून बसले. तिथून त्यांना मूर्तीची पाठ तेवढी दिसत असणार. माझ्या गणपतीचे डोळे झाले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "बघतत मा?"

"बघतत," तुळसा म्हणाली.

मी मूर्ती डोक्यावर घेतली. आबा वाटी सांभाळत पुढच्या मूर्तीच्या मागे सरकून बसले.