एकशे तेरावी उडी

मी उंदीर पाहिला की सांगेपर्यंत त्याची घूस होते, आणि ऐकणाऱ्याने जरा डोळे मोठे केले की घुशीचा बिबट्या. नातवंडं तर माझं सगळं निम्मं करूनच ऐकतात. ही गोष्ट मात्र निम्मी करू नका. हिला मीठमसाला लावायचा मलाच धीर होत नाही.

आमचे हे घड्याळजी. पन्नास वर्षं एका डोळ्याला भिंग लावून एकाच खुर्चीत बसलेले. बोलणं मोजकं. उंचीची भीती इतकी की घरातला बल्ब मी बदलते आणि हे खाली स्टूल धरतात. दोन वर्षांपूर्वी यांच्या हृदयात जाळी बसवली. तेव्हापासून गोळ्या चालू. त्या ठेवायला यांनी आपला जुना सुट्या भागांचा पितळी डबा घेतला. ज्या खणांत चक्रं आणि स्प्रिंगा असायच्या, त्यांत आता सोमवार, मंगळवार.

दुकान बंद केलं तेव्हा लेकीने आम्हाला पंधरा दिवसांसाठी कॅम्परव्हॅन घेऊन दिली. म्हणाली, "जन्मभर सेकंद मोजलेत, आता जरा डोंगर बघा." चाकांवरचं घरच ते. गादी उलगडली की ओटा गायब, ओटा उघडला की गादी गायब. मोरी कपाटाएवढी, साबण हातात घेऊनच दार लावायचं, नंतर कोपर हलत नाही. आणि रस्ता असा वळणांचा, की आमच्याच गाडीचा मागचा दिवा मला समोर दिसायचा. एवढं चालतं. रस्ता काही तक्रार करत नाही.

लग्न झाल्यापासून यांचा एक नियम. चारचौघांत माझं बोलणं खोडायचं नाही. मी काहीही फेकलं तरी हे शांतपणे चहा पीत बसणार. मग संध्याकाळी गाडीत शिरलो की चपला काढता काढता विचारणार, "आज मी कोण होतो?"

"आज सर्कशीत झोके घेणारे होता."

"बरा होतो का?"

"दोनदा पडलात, पण जाळीत."

मग आम्ही दोघं खोखो हसायचो. या खेळावर आमच्या संसाराची निम्मी वर्षं मजेत गेली.

सहाव्या दिवशी आम्ही एका पठारावर मुक्काम केला. दहाबारा गाड्या, मधे नळ, पलीकडे कडा. त्या कड्यावरून लोक मोठ्या रंगीत छत्रीला लटकून उडायचे, पुढे आपण आणि मागे बांधलेला पायलट. सर्कशीची गोष्ट मी सायकलवरून आलेल्या एका बाईला सांगितली होती. नळावर उडणाऱ्यांसाठी तिथे ठेवलेली नर्स भेटली, तिला म्हटलं, "यांना उभ्या जन्मात साधी सर्दी नाही." आणि शेजारच्या गाडीत एक टोपीवाला होता, फार बढाया मारायचा. त्याला गप्प करायला मी सांगून टाकलं की आमच्या ह्यांनी विमानातून एकशे बारा उड्या मारल्यात.

टोपीवाल्याने ते दुपारपर्यंत सगळ्या पठारभर केलं.

"काका, एकशे तेरावी झालीच पाहिजे!" चार जणांनी यांना मधे घेतलं. हे माझ्याकडे बघायला लागले. भीती वाटतेय असं नाही, नुसतं विचारल्यासारखं. मी एक शब्द बोलले असते, तर तिथेच सगळं मिटलं असतं. 'अहो, मी थट्टा करत होते,' एवढंच म्हणायचं होतं. पण लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला गंमत शेवटपर्यंत बघायची होती.

मी म्हटलं, "जा की. तुम्हाला काय नवं आहे?"

हे उठले.

ऑफिसात फॉर्म भरायचा होता. यांचा वाचायचा चष्मा गाडीत राहिलेला, म्हणून पेन मी घेतलं. हृदयाचा त्रास आहे का? रोजची औषधं आहेत का? माझ्या खांद्यावरून टोपीवाला वाकून बघत होता. मी दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. अक्षर माझं मोठं, टपोरं. ते 'नाही' अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पट्टे बांधताना पायलटने विचारलं, "काका, तुम्ही तर जुने खेळाडू. साधं उडवू की जरा मजा करू?"

उत्तर दिलं टोपीवाल्याने. "मजा करा, मजा!"

यांनी एकदा हातातलं घड्याळ बघितलं, आणि मग पायलटबरोबर कड्याकडे पळाले. यांना पळताना मी तीस वर्षांत बघितलं नव्हतं. छत्री वर गेली. लोक ओरडत होते, मीही ओरडले. मग ती छत्री भोवऱ्यासारखी गरगरत खाली यायला लागली, पुन्हा वर, पुन्हा गरगर. हात वर करून थांबवायला गेले, तर बाजूच्याला वाटलं मी टाटा करतेय. त्यानेही केला.

हे खालच्या गवतावर उतरले. आम्ही पायवाटेने धावत गेलो. पायलट पट्टे सोडवत होता. यांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, "अकरा मिनिटं चाळीस सेकंद," आणि आडवे झाले.

चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. नर्सने नाडी धरली. "चक्कर आलीय. पहिल्यांदा येते बऱ्याच जणांना."

"पहिल्यांदा कुठलं," टोपीवाला म्हणाला, "विमानातून एकशे बारा झाल्यात."

"विमानातून?" सायकलवाली म्हणाली. "मला तर सर्कशीतले म्हणाल्या."

सगळे माझ्याकडे वळले. नर्सने वर न बघता विचारलं, "काका, काही औषध चालू आहे? हृदयाचं वगैरे?"

यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. आणि त्या अवस्थेत, ओठ कोरडे पडलेले असताना म्हणाले, "नाही."

माझ्यासाठी. माझं बोलणं खोडायचं नाही म्हणून.

"अहो, आहे," मी म्हटलं. "जाळी बसवलीय. गोळ्या चालू आहेत."

नर्स म्हणाली, "आजी, सकाळी म्हणालात सर्दीसुद्धा नाही. आता खरं काय ते धरू?"

खरं सांगायला लागले आणि कुणी विश्वास ठेवेना! मी ती चढण कशी चढले मला माहीत नाही. गाडीतून पितळी डबा घेऊन आले, धापा टाकत तिच्या हातात दिला. आजचा, सोमवारचा खण रिकामा, मंगळवारचा भरलेला. तिने झाकण लावलं आणि दवाखान्याची गाडी बोलवायला फोन काढला.

तेवढ्यात ऑफिसातली बाई फॉर्म घेऊन आली. पायलटचा चेहरा उतरलेला. बाई म्हणाली, "इथे तर स्पष्ट 'नाही' लिहिलंय. हे कुणी लिहिलं?"

"मी," हे म्हणाले. "माझं अक्षर आहे."

यांचं अक्षर मुंगीएवढं. घड्याळाच्या आत तारीख कोरायची सवय. जन्मात खोटं न बोललेला माणूस अर्ध्या तासात दोनदा बोलला, तेही गवतावर आडवा पडून.

मी म्हटलं, "नाही हो बाई, अक्षर माझं आहे. हे सगळंच माझं आहे. उड्या, सर्कस, सगळं. हे घड्याळजी आहेत. यांना स्टुलावर चढायची भीती वाटते."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. टोपीवाल्याने टोपी काढून हातात घेतली. सायकलवाली दुसरीकडे बघायला लागली. पायलट एवढंच म्हणाला, "आजी, मला माहीत असतं तर मी जमिनीवरून हललोही नसतो." रागावून नव्हे. म्हणूनच जास्त लागलं.

खालच्या दवाखान्यात यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. हृदय शाबूत निघालं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून, "आता जमिनीवर राहा," असं यांना सांगितलं.

संध्याकाळी गाडीत परतलो. कुणीतरी आमचे कप धुऊन उपडे घालून ठेवले होते. ते बघून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे पायरीवर बसून चपला काढायला लागले. एक काढली. दुसरी काढली. विचारलं काहीच नाही.

मी धुतलेला कप पुन्हा धुतला. शेवटी राहवेना. "विचारा की."

"काय?"

"रोज विचारता ते."

"आज विचारायची गरज नाही," हे म्हणाले. "काल मी कोण होतो ते मला माहीत आहे. खोटारडा होतो. आणि पहिल्याच दिवशी पकडला गेलो." मग अगदी मनापासून विचारल्यासारखं, "तुला एवढी वर्षं हे जमलं कसं गं?"

नेहमीसारखं हसू येईल म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी पाठ फिरवली आणि तोच कप तिसऱ्यांदा धुवायला घेतला.