पोट भरलेलं पाणी

सकाळी आसियानं दोरा वर काढला, तर तो रिकामाच. आदल्या संध्याकाळी तिनं त्याला साखरेचा एक टपोरा दाणा चिकटवून पेलाभर साखरपाण्यात सोडला होता. त्याचा मोठा खडा करून तिला इस्लामपूरच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचा होता.

"मुंग्यांनी पळवला असंल गं!" शेजारचा शिवतेज हसला.

"तूच खाल्ला असशील!" असं म्हणून ती पेला घेऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, दाणा वाढायचा सोडून विरघळला की."

"उसाच्या सरीत पाणी सोडलं, की ते आधी कुठं जातं?"

"जमिनीत."

"आणि साचतं कवा?"

"रान गच्च भिजल्यावर... म्हंजे माझ्या पाण्याला अजून भूक होती!"

"व्हय. पोट भरलेल्या पाण्याला संपृक्त म्हणतात."

ती पळालीच. आईला तिनं पाणी तापवायला लावलं. कढत पाणी भसाभस साखर गिळू लागलं. "डबा रिकामा करतीस का?" आई कुरकुरली. कितीही ढवळलं तरी साखर तळाशी राहू लागली, तेव्हाच आसिया थांबली. वरचं नितळ पाणी तिनं पेल्यात ओतलं, गार होऊ दिलं आणि नवा दाणा सोडला. गार पाण्याला तेवढी साखर पेलवत नाही. जास्तीची हळूहळू दाण्यावर येऊन बसते. प्रदर्शनापर्यंत तिचा खडा बोराएवढा झाला.

परीक्षक बाईंनी तो उजेडात धरला. "छान! पण अशी खडीसाखर बाजारातही मिळते, नाही का?"

आसियाचे कान लाल झाले. मी मागंच उभा होतो.

तिनं प्यायच्या पाण्याचा पेला मागून घेतला, त्यात दोन चमचे साखर विरघळवली आणि तो खडा वाढवलेल्या आपल्या पेल्याशेजारी ठेवला. दोन्ही पाणी सारखंच नितळ. मग दोन्हींत एकेक दाणा टाकला.

"ढवळा बाई, तुमीच."

बाईंनी ढवळलं. एका पेल्यातला दाणा बारीक होत दिसेनासा झाला. आसियाच्या पेल्यातला मात्र गरगर फिरून होता तसा तळाशी बसला. बाईंनी पुन्हा जोरात ढवळलं. दाणा तसाच!

"खडा इकत मिळंल, बाई. असं पाणी कुठल्या दुकानात मिळतं?"

बाई खळखळून हसल्या. पहिला नंबर जाहीर झाला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं शिवतेजच ओरडला. परतताना म्हणाला, "आता त्यो खडा खाऊया की गं."

"आधी मुंग्यांना इचारून ये," आसिया म्हणाली.