वारुळाची जागा

कन्नडच्या घाटाखाली एका उतारावर वारूळ होतं, आणि त्याची जागा एकट्या मनकर्णाबाईला ठाऊक होती. आषाढात त्याच्या कडेनं पांढरीशुभ्र अळिंबी वर यायची. सासूनं मरायच्या आदल्या दिवशी तिला जागा दाखवली होती, सासूला तिच्या सासूनं. रीतच तशी. एकीनं एकीलाच सांगायचं, उमललेली तेवढीच खुडायची, वारुळाला कुदळ लावायची नाही.

मनकर्णाबाईला मूलबाळ नव्हतं. सून कुठून येणार?

मागच्या साली संभाजीनगरच्या एका कॉलेजातली राजनंदिनी रानातल्या अळिंब्यांची पाहणी करायला आली. शहरालगतच्या पडेगावहून स्कूटीवर यायची. दोन महिने बाईच्या मागं मागं हिंडली. कुठली कोणत्या झाडाखाली येते, कुठलीला कसला वास, सगळं विचारायची. बाईच्या उपासाला आठवणीनं राजगिऱ्याचे लाडू आणायची. एकदा म्हणाली, "मावशी, हे सगळं तुमच्याबरोबर जायला नको."

ते बाईच्या काळजात बसलं. शेवटच्या दिवशी तिनं पोरीला वारुळापाशी नेलं, हळदकुंकू वाहायला लावलं. "आता माझ्यामागं तू," म्हणाली. राजनंदिनीनं वाकून नमस्कार केला, मग मोबाइल काढून जागेची नोंद घेतली. शहरात तशी रीत असेल, बाईला वाटलं.

उन्हाळ्यात कॉलेजनं पाहणीचा नकाशा सगळ्यांना बघायला खुला केला. यंदा आषाढात बाई हळदकुंकू घेऊन गेली, तर वारूळ बुडापर्यंत खणलेलं. मोटारसायकलींच्या चाकोऱ्या, तुडवलेल्या कळ्या, आणि उन्हात वळवळणारी वाळवी.

आठ दिवसांनी राजनंदिनी आली. तिनं ऐकलं होतं.

"मावशी, अहवालात जागा द्यावीच लागते हो."

"लागत असंल."

"कुणाला सांगू नको, असं तुम्ही म्हणाला नव्हतात."

"सुनंला म्हनावं लागत नाय."

राजनंदिनी रडली. पण पाहणीचा दुसरा टप्पा उरला होता. डोळे पुसून तिनं ओट्यावर पेपर पसरला, त्यावर सकाळी गोळा केलेल्या तेवीस अळिंब्या मांडल्या.

"ही कुठली?"

"माहीत नाय."

"आणि ही?"

"माहीत नाय."

शेजारची कडूबाई हसली. "अगं मनकर्णे, परवा हीच शिजवली की आपण! लई गोड लागली."

"तुझ्या घरी शिजली असंल."

त्या दिवशी चतुर्थी होती. व्रताच्या दिवशी बाई खोटं बोलत नसे. चाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती. प्रत्येक 'माहीत नाय'गणिक उपास मोडत होता. तिनं तो मोडू दिला.

सतराव्या अळिंबीवर मात्र तिनं पोरीचा हात धरला. "ही खाऊन मानूस मरतंय. ही लिही."

राजनंदिनीनं लिहिलं, आणि आशेनं वर पाहिलं. "अन् ही, शेजारची?"

बाईनं हात सोडला.

"माहीत नाय."