पोर आमचं नाही

अगं थांबा, घागरी ठेवा खाली आणि ऐका, आणि मधे मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन. रमिला, तू तर गप्पच बस. तुला अर्धं माहीत आहे आणि तेही चुकीचं.

तर त्या दिवशी सकाळी म्युन्सिपालटीचा पट्टेवाला गल्लीतून ओरडत गेला, की देवीचा डॉक्टर येतोय, लहान पोरं बाहेर पाठवू नका, सगळ्यांना टोचायचंय. खालच्या गल्लीत दोन घरांत देवी निघाली होती ना, त्यातलं एक पोर तर आदल्या दिवशीच गेलं. माय भाकरी थापत होती. ओरडणं ऐकलं आणि तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी जळायला लागली, वास सुटला, तरी तिचं लक्ष नाही. मग एकदम मला म्हणाली, "हिरकन, सुपडूनं अंगडं बदली दे. ह्या बाह्या वर सरकतीन नही."

बस. एवढं म्हणाली आणि आजी उठून उभी राहिली.

आता सुपडूचं, माझ्या धाकट्या भावाचं, काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्यानंतर आणि सुपडूच्या आधी मायला दोन पोरं झाली, दोन्ही पाळण्यातूनच गेली. म्हणून सुपडू झाला तेव्हा आजीने बाराव्या दिवशी त्याला सुपात घातलं, गल्ली ओलांडून समोरच्या मारवाड्याच्या घरी भंवरीकाकूच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं, आणि भंवरीकाकूने ओंजळ ओंजळ जवारी सुपात टाकून त्याला विकत घेतला. आपल्याकडे घरोघर असं करतातच. माझा बाप तरी काय, भीक मागून आणलेल्या कपड्यांत वाढला, म्हणून त्याचं नाव भिला. विकलेलं पोर वाढतं आपल्याच घरात, आपलंच दूध पितं, पण पाच वर्षांचं होईपर्यंत कुणी त्याला 'माझं' म्हणायचं नाही. म्हटलं, की वरचा ऐकतो आणि घेऊन जातो. आजी तर इतकी कडक, की सुपडू मोरीत लोळला तर ती ओरडते, "देखा, देखा, मारवाड्यानं पोर कसं चिखलमा लोळी ऱ्हायनं!" आणि शेजारणीने 'कसं गोंडस आहे हो तुमचं' म्हटलं तर लगेच, "आमनं नही माय, भंवरीबाईनं शे."

तर आजी उभी राहिली आणि म्हणाली, "वहू, अंगडं बदलानं काम नही. त्याले कोनी टोचाव नही."

माय म्हणाली, "आत्याबाई, खालनी गल्लीमा उनी शे देवी. आठे येवाले किती टाइम लागी?"

"येवो. माता शे, तिनी मर्जी. पन आपला हातखाल ते पाप नको. मन्हा मोठा पोऱ्या कसा ग्या, माहीत शे ना? असाच एक उना व्हता सुरी लिसन. टोचं, हात सुजना, काळा पडना, आठ दिनमा पोऱ्या ग्या." आणि आजीचा आवाज असा झाला ना, की मला वाटलं आता माय गप्प बसणार. मोठ्या काकाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही. काढलं तर आजी त्या दिवशी जेवत नाही.

माय गप्पच बसली. पण अगं, ती गप्प बसते ना तेव्हाच मला भीती वाटते. तिने जळलेली भाकरी बाजूला काढली, नवी थापली आणि थापताना नुसती दाराकडे बघत राहिली. बाप कापसाच्या जिनात कामाला गेलेला. आणि असता तरी काय, आजीपुढे 'हो माय' याशिवाय त्याच्या तोंडून काही निघत नाही.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला पोरांचा रडारडा ऐकू आला. डॉक्टर आला! आजीने काय करावं? सुपडूला उचललं, आत नेलं आणि मिरच्यांच्या पोत्यामागे बसवून वर डालगं पालथं घातलं. कोंबड्यांवर झाकतो ना, ते. आणि हातात गुळाचा खडा. मला म्हणाली, "बोलशी ते याद राख." मी कशाला बोलते? मला तर वाटलं, बरं झालं, कारण मला स्वतःलाच त्या सुरीची भीती. मी लहान होते तेव्हा मलाही आजीने असंच कणगीत लपवलं होतं म्हणे.

डॉक्टर दारात आला. काळा कोट, डोक्यावर टोपी, हातात पत्र्याची पेटी, मागे पट्टेवाला. चांगला शाळेतल्या मास्तरांसारखं बोलणारा माणूस. म्हणाला, "आजीबाई, घरात लहान मूल आहे का?"

आजी उंबऱ्यात आडवी. "घरमा कोनी ल्हान पोर नही शे, बाबा. पुढलं घर देख."

आणि आतून: आक्छी!

अगं, हसू नका! मिरच्यांच्या पोत्यामागे बसवल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर थांबला. आजी म्हणाली, "मांजर शे." परत आक्छी, आणि मग तिसरी, आणि मग "माऽऽय, ना-आक!" असं चांगलं मोठ्याने.

पट्टेवाला म्हणाला, "छबूमाय, तुन्हं मांजर ते चांगलं बोलस!"

सगळी गल्ली हसली. आजी लालबुंद. आणि मग, बघा हां, तिथे ती चुकली. एवढी पन्नास वर्षं संसार केलेली बाई, पण लोक हसले म्हणून चिडली आणि म्हणाली, "हां, शे पोर! पन आमनं नही. समोरनी भंवरीबाईनं शे. आम्ही त्याले इकी टाका. आमले इचारू नको!"

डॉक्टर बघतच राहिला. त्याला काय समजणार? पट्टेवाल्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "ठीक आहे, चला पुढच्या घरी, वेळ नाही," आणि वळला.

आणि माय बाहेर आली. हाताला पीठ, पदर डोक्यावर, आणि डॉक्टरकडे न बघता पण त्याला ऐकू जाईल असं मला म्हणाली, "हिरकन, पळ. भंवरीकाकूले बोलाव. सांग, तुन्हा पोऱ्याले टोचाले उनात, तू ये."

"वहू!" आजी ओरडली. "तू काय करी ऱ्हायनी?"

माय म्हणाली, "मी काय कयं, आत्याबाई? तुम्हीच सांगं ना आते, पोऱ्या आपला नही म्हनीसन. मंग जिना शे तिलेच इचारू."

मी पळाले. अगं, मला टोचायची भीती वाटत होती, पण त्या क्षणी मायचा आवाज असा होता, की विहिरीत उडी मार म्हणाली असती तरी मारली असती. भंवरीकाकू पापड लाटत होती. एका दमात सगळं सांगितलं तर लाटणं तसंच हातात धरून, घुंघट ओढत आली. गल्लीभर बाया जमल्या. काकू मधे उभी राहिली आणि तिला कळेना काय करावं. तिच्या तोंडावर देवीचे वण आहेत, तुम्ही पाहिलेत ना? मारवाडात लहानपणी निघाली होती तिला. ती एकदा सुपडूकडे बघते, माय त्याला डालग्यातून काढून कडेवर घेऊन उभी, नाकातून पाणी, तोंडाला गूळ. एकदा आजीकडे बघते.

मग हळूच मायला म्हणाली, "धनू, हे काय करतेस? उद्या छोऱ्याला काही झालं तर लोक म्हणतील, मारवाडणीने मारलं."

माय म्हणाली, "मी उभी शे ना तुन्हा बाजूले. कोनी बोलनं ते मी सांगसू, मीच बोलावं व्हतं."

मग काकूने लाटणं माझ्या हातात दिलं आणि आजीसमोर जाऊन उभी राहिली. अदबीने, पण सरळ. "माजी, एकदा सांगा, छोरो कुणाचा? तुमचा असेल तर तुम्ही 'नको' म्हणा, मी परत जाऊन पापड लाटते. माझा असेल तर मी टोचून घेते."

अगं, तुम्ही आजीचं तोंड बघायला हवं होतं! तिने तोंड उघडलं. परत मिटलं. परत उघडलं. 'आमचा' म्हणावं तर दोन वर्षं जपलेलं सगळं गेलं, वरच्याने ऐकलं, पोर उघडं पडलं. 'आमचा नाही' म्हणावं तर ही घेऊन चालली टोचायला. आजी भिंतीला टेकली आणि खाली बसली.

काकू म्हणाली, "बोलो डॉक्टरसाब, कुठे बसू?"

ओट्यावर बसली, सुपडूला मांडीवर घेतला. डॉक्टरने पेटी उघडली, सुरी काढली, आणि माय मधे आली. "आधी ती तापवा."

डॉक्टर म्हणाला, "बाई, स्वच्छच आहे ती."

"आत्याबाईना पोऱ्यानी येळे बी स्वच्छच व्हती अशी," माय म्हणाली. "तापवा. मन्हा समोर."

डॉक्टर चिडला असं मला वाटलं, पण त्याने आजीकडे बघितलं, आणि मग पेटीतून छोटा दिवा काढला, पेटवला आणि सुरी त्याच्यावर धरली. आजी खाली बसल्या बसल्या मान उंच करून बघत होती. सगळं बघत होती, दिवा, सुरी, त्याचे हात.

मग टोचलं. दंडावर नुसतं खरवडल्यासारखं, पण सुपडू असा किंचाळला, असा किंचाळला, की कावळे उडाले. आणि आजी ताडकन उठली आणि ओरडली, "हळू रे भाऊ! मन्हा पोऱ्याले हळू!"

झालं! म्हणाली ना 'माझा'! सगळ्यांच्या समोर!

आजीने स्वतःच तोंडावर हात ठेवला. डोळे एवढे मोठे. आणि गल्लीत एवढ्या बाया, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि अगं, एकीनेही ऐकलं नाही. कळलं ना? एक लगेच म्हणाली, "ऊन किती झालं बाई." दुसरी मिरच्या वाळत घालायच्या राहिल्या म्हणून निघाली. भंवरीकाकू तर सुपडूला थोपटत मोठमोठ्याने म्हणत राहिली, "म्हारो बेटो, म्हारो राजो, हो गयो, हो गयो," एवढ्या मोठ्याने, की वरच्याला काही ऐकू गेलं असेल तर तेच गेलं असेल.

जाताना डॉक्टरने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही? हिच्या दंडावर खूण दिसत नाही."

आजीला पुन्हा जोर आला. "ती आमनी शे. तिले नही टोचानं. तिनं ते माले इचारनं पडी."

खरंच होतं ते. मला कुणी सुपात घातलंच नव्हतं. पोरीला कोण विकतं? मायने माझ्याकडे बघितलं, पण एका दिवशी आजीला दोनदा हरवणं तिला नको वाटलं असेल. आणि मी? मी लाटणं घट्ट धरून भिंतीमागे सरकले. खरं सांगते, सुटले म्हणून आनंदच झाला.

मग आठ दिवस. सुपडूला ताप आला, दंडावर फोड आला, आणि आजीने घर असं धरलं, जणू देवीच निघाली आहे घरात. दाराला कडूनिंबाच्या पाल्याचा टाळा, फोडणी बंद, कुणी चपला घालून आत यायचं नाही. बाप आठ दिवस बिनफोडणीची डाळ खाऊन 'हो माय' म्हणत होता. आजी सुपडूजवळून हलली नाही. मायशी बोलत नव्हती, पण मायने पाणी दिलं की पीत होती. आणि रोज सकाळी मला पाठवायची, "जा, देखी ये, खालनी गल्लीमा कोना दारले निंब लागना." मी जाऊन यायची आणि मोजून सांगायची. दोन होते, ते चार झाले. चवथा टाळा त्या शेवंतीच्या दाराला. आपल्याबरोबर सागरगोटे खेळायची ती. तिच्याही दंडावर काही नव्हतं. मी परत येताना रस्ताभर माझाच दंड चोळत होते.

काल आठवा दिवस. डॉक्टर बघायला आला. भंवरीकाकू ओट्यावर, सुपडू तिच्या मांडीवर. डॉक्टरने फोड बघितला, बाजूने हळूच दाबला आणि म्हणाला, "लस छान धरलीय. आता याला भीती नाही." मायने श्वास सोडला, तो मला इकडे ऐकू आला. आजी म्हणाली, "नक्की?" डॉक्टर म्हणाला, "नक्की, आजीबाई."

तो पेटी बंद करायला लागला, आणि माझे पाय आपोआप पुढे गेले. मी पोलक्याची बाही वर केली आणि दंड पुढे धरला. दात वाजत होते, पण हात हलू दिला नाही.

डॉक्टरने आजीकडे बघितलं. सगळ्यांनीच आजीकडे बघितलं.

आजी म्हणाली, "तुले कोनी सांगं?"

मी म्हटलं, "कोनीच नही. मी मन्हीच शे."

आजीने माझी बाही आणखी वर सरकवली. मग डॉक्टरला म्हणाली, "सुरी तापव आधी. चांगली तापव."

हे बघा, इथे. हात लावू नका गं, जळजळतं! रडले, हो, रडले, सुपडूपेक्षा मोठ्याने रडले, मग काय झालं? उद्या तो तुमच्या गल्लीत येणार आहे, पट्टेवाल्याने सांगितलं. बेबी, तुझ्या भावाला, वाहरूला, तुझी आजी कणगीत लपवेल, मला माहीत आहे. तू मला हाक मार, मी येते. आणि तुझीपण बाही वर कर बघू. नाहीये ना खूण? मग चल, आधी तुझ्या मायला सांगून येऊ. घागरी राहू देत, पाणी कुठे पळून जात नाही.