बेटावरचं हळू आवाजातलं कीर्तन

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा यादोरावांचं गाव बुडालं, मागची टेकडी तेवढी राहिली. तिचं आता बेट झालंय. हिवाळ्यात तिथं चक्रवाक उतरतात, गाळ बसून काठचं पाणीही निवळतं. या भरवशावर त्यांच्या सुनेनं, हर्षानं, पर्यटकांना फिरवायला नाव घेतली. पाण्यात पाहायचे चष्मे आणि श्वासाच्या नळ्या मागवल्या. आज पाहुण्यांची पहिली फेरी. जमली तर तिचा नवरा कैलाश पुण्याचा कारखाना सोडून परतणार होता. नाही जमली, तर हर्षाच पुण्याला जाणार होती.

नागपूरची मोना आणि तिचा नवरा अतुल दुर्बिणी सरसावून बसले होते. बेट जवळ आलं. काठावर केशरी चक्रवाकांचा थवा ऊन खात होता. यादोरावांना भरून आलं. एवढ्या चांगल्या कामाचा आरंभ नामाविना कसा करायचा? त्यांनी पिशवीतून झांज काढली आणि खड्या आवाजात गजर केला.

थवा उडाला. एकूण एक.

"मामाजी! काहून वाजवलं?" हर्षा रडकुंडीला आली.

"देवाचं नाव घेतलं, बाई..."

"देव काय बहिरा आहे, काका?" अतुल म्हणाला. "आता काय, कावळे पाहू?"

"आलोच आहोत तर पाण्यात उतरू," मोना म्हणाली.

नाव बेटाला लागली. दोघं तरंगायची जाकिटं आणि चष्मे घालून उतरले. यादोराव काठावर मान खाली घालून बसले. तेवढ्यात मोनानं डोकं वर काढलं.

"अतुल, इकडे ये! खाली दगडी ओटा आहे. मासे चक्क प्रदक्षिणा घालतायत!"

यादोराव उभेच राहिले. "तो मारुतीचा ओटा, बाई. देव आमी नव्या गावाले नेला. ओटा रायला. तिथंच आमचं कीर्तन होत जाय."

"मग ऐकवा ना. पण हळू हं!"

जन्मात हळू न बोललेल्या माणसानं कुजबुजत गावाचंच आख्यान लावलं. मृदंगावर कोण, पेटीवर कोण, आरंभालाच डुलक्या कोण घेई. अतुलला हसू दाबवेना.

आख्यान रंगात आलं आणि मागे पंख वाजले. एक जोडी उतरली. मग दुसरी. मग थवाच. यादोरावांचा हात सवयीनं पिशवीकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी नुसते हात जोडले.

परतताना मोना म्हणाली, "रविवारी माझ्या बहिणींना आणते. काका हवेतच."

नाव धक्क्याला लागली. हर्षानं आधी कैलाशला फोन लावला. मग झांज काढून सासऱ्यांच्या हाती दिली.

"आता वाजवजा, मामाजी. त्याईले पुण्यात आयकू गेलं पायजे."