मदतपेटीची दुसरी किल्ली

सिस्टरची पेन्शन आता मोबाईलवर येते. टिंग वाजतं, आकडा दिसतो, संपलं. याला काय पैसे आले म्हणायचं? ना वास, ना खुळखुळ, ना कुणी टेबलाभोवती बसलेलं. उभं आयुष्य दवाखान्यात काढलेल्या या बाईला सगळं जग सिस्टर म्हणतं. पण ते टिंग वाजलं की ती घटकाभर पुन्हा चिमी होते आणि शनिवारची संध्याकाळ होते.

चिमीचे बाबा टेलर. अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा. दुकान पुढे, घर मागे, मधे एक पडदा. शनिवारी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की बाबा पडदा सारून आत यायचे, गळ्यातली टेप खुंटीला लावायचे आणि साबणाने हात धुवायचे. पैसे मोजून झाल्यावर हात धुणारी माणसं सिस्टरनं पुढे पुष्कळ पाहिली. मोजायच्या आधी धुणारा हा एकच. मग आठवड्याची कमाई टेबलावर ओतली जायची आणि आई फळीवरचे डबे उतरवायची. देवाचा डबा, भाड्याचा, किराण्याचा, औषधाचा आणि शेवटचा चिमीचा. झाकणं उघडण्याचा मान चिमीचा. बाबा डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना करायचे आणि कमाईतला दहावा हिस्सा आधी देवाच्या डब्यात टाकायचे. रविवारी तो चर्चमध्ये जायचा. बाकीचं मग बाकीच्यांना.

एकदा चिमीनं विचारलं होतं, "बाबा, आधी किराणा भरू आणि उरलेलं देवाला देऊ. चालणार नाही का?"

"उरलेल्या कापडाचा कोट शिवतात का गं कुणी?" बाबा म्हणाले. "आधी कोट कापायचा. उरलं तर खिशाला अस्तर."

आता टेलर म्हटला की कापड मारणारच, असं सगळी दुनिया म्हणते. बाबा मात्र उरलेली चिंधीसुद्धा गुंडाळी करून सदऱ्याबरोबर परत द्यायचे. गिऱ्हाइकं वैतागायची. "अहो मास्तर, या चिंध्यांचं मी काय करू?" बाबा म्हणायचे, "ते तुम्ही ठरवा. कापड तुमचं." असला माणूस श्रीमंत होईल कसा, तुम्हीच सांगा.

आणि उसनवारीचं नाव काढायची सोय नव्हती. कुणाचं देणं अंगावर ठेवू नये असं पवित्र शास्त्रात सांगितलंय, आणि बाबांनी ते अगदी टीप मारून पक्कं केलं होतं. उलट चिमीचा मामा, आईचा धाकटा भाऊ, सगळा संसार हप्त्यांवर. पंखा हप्त्यावर, घड्याळ हप्त्यावर. रेडिओ तर दुकानदार गाण्याच्या मध्यात येऊन उचलून घेऊन गेला. मामा म्हणाला, "जाऊ दे, गाणं तसंही भिकार होतं." आई त्याला बोल बोल बोलायची आणि वर जेवूनही घालायची.

एवढ्या सांगण्यावरून वाटेल की बाबा कंजूष असतील. छे! त्या घरात पलंगाखाली एक लोखंडी पेटी होती. चर्चची मदतपेटी. मंडळीतल्या कुणावर वेळ आली की तिच्यातून पैसे जायचे. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली चर्चच्या पाळकसाहेबांकडे, दुसरी बाबांकडे. दोघं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पैसे कुणाला जाणार ते फक्त पाळकसाहेबांना ठाऊक. हा नियम बाबांनीच घालून घेतलेला. "मला नाव कळलं तर तो माणूस उद्या माझ्यासमोर माप द्यायला ताठ कसा उभा राहील?" असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियमही त्यांचाच: पेटी कुणाला कर्ज देणार नाही. द्यायचं ते देऊन टाकायचं. पेटी उघडली की बाबा एवढंच म्हणायचे, "नाव नको साहेब, माप सांगा." म्हणजे घरात माणसं किती, कमावता कोण, भाडं किती थकलंय. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे, आणि पाळकसाहेब पैसे काढून घ्यायचे.

चिमी मोठी झाली आणि नर्सिंगच्या शाळेत तिची निवड झाली. त्या दिवशी बाबांनी दुकानात येईल त्याला सांगितलं. पायजम्याला नाडी घालून न्यायला आलेल्या माणसालासुद्धा. फी महिनाअखेर भरायची होती आणि चिमीच्या डब्यात ती जवळजवळ साठली होती. जवळजवळ. या शब्दानंच घात केला.

मशीनची सुई बोटात जाणं ही टेलरच्या घरात काही बातमी नव्हे. बाबांनी चिंधी बांधली आणि तो कोट पुरा केला. चार दिवसांनी हात मनगटापर्यंत सुजला, ताप चढला, डॉक्टरांनी बोट कापून पू काढला आणि बजावलं, कात्रीला हात लावाल तर हातच जाईल. झालं. ज्याचं हातावर पोट, त्याचा हातच गळ्यात! औषधाचा डबा आधी रिकामा झाला, मग किराण्याचा, मग भाड्याचाही. भाड्याचा दिवस आला तेव्हा आई फळीपुढे नुसती उभी राहिली. शेवटच्या डब्याला हात लावायचा तिला धीर होईना.

चिमीनंच डबा उतरवला. "घे," म्हणाली. "घर राहिलं तर शाळा."

म्हणायला म्हणाली, पण रात्रभर उशी ओली केली. खोटं कशाला सांगा? तिला ती शाळा हवी होती. पांढरा गणवेश हवा होता, कडक इस्त्रीचा, आणि तो बाबांनी शिवलेला हवा होता.

मामा आला. हात पाठीमागे बांधून दुकानात येरझाऱ्या घालू लागला. "दाजी, एका माणसाशी बोलतो मी. फी तो भरेल, तुम्ही हात बरा झाला की हप्त्यानं फेडा."

"नको," बाबा म्हणाले.

"व्याज मी भरतो, मग तर झालं?"

"तू कशातून भरणार? रेडिओतून?"

एरवी मामा हसला असता. त्या दिवशी भडकला. "दाजी, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मोडेन पण वाकणार नाही हा तुमचा खाक्या. पण तुम्ही कुठे मोडताय? मोडतेय ती पोर!"

चपला पायात अडकवून तो निघून गेला. बाबा गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत बसले. त्यांनाही रडू येत असणार. पण बापमाणसं त्या काळी रडत नसत, नुसती कात्रीला तेल घालत बसत. आता तेही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केर काढताना चिमीचा झाडू पेटीवर आपटला. ठण्ण. पेटी चांगली भरलेली होती. चिमीच्या डोक्यात तिडीक गेली. ती झाडू घेऊनच पडद्याबाहेर गेली.

"बाबा, पलंगाखालची पेटी कुणासाठी आहे?"

"गरजवंतांसाठी."

"मग आपण कोण?"

बाबांनी खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, "आपण किल्लीवाले."

चिमी आत आली आणि तीच तीच जागा पुन्हा झाडत राहिली.

फी भरायला दोन दिवस उरले असताना, दिवेलागणीला, पाळकसाहेबांची सायकल दाराशी लागली. "मास्तर, पेटी उघडायचीय."

बाबांचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! इतक्या दिवसांत कुणालाच त्यांचं काही काम पडलं नव्हतं. लगबगीनं त्यांनी डाव्या हातानं पेटी ओढली, डाव्याच हातानं किल्ली फिरवली. पाळकसाहेबांनी आपलं कुलूप काढलं.

"नाव नको साहेब, माप सांगा."

"तिघांचं घर," पाळकसाहेब म्हणाले. "कमावता माणूस आजारी पडलाय."

"मागितले किती?"

"मागितलेच नाहीत. दुसऱ्याच कुणीतरी येऊन माझ्या कानावर घातलं."

"मग मानी माणसं आहेत." बाबांनी मान डोलावली. "अशांना कमी देऊ नका. कमी दिलं तर त्यांना हात पसरायला लावल्यासारखं होतं. आधी भाडं धरा."

"धरलं."

"माणूस उठून कामाला लागेपर्यंतचा किराणा. पोरंबाळं आहेत का?"

"एक मुलगी. शिकायला जायचंय तिला, फी अडलीय."

"अहो, मग फी आधी धरा!" बाबा जवळजवळ ओरडलेच. "बापाच्या दुखण्यापायी पोरीचं शिक्षण थांबलं तर तो बाप बरा होऊन तरी काय उपयोग?"

चिमी पडद्याशी उभी होती. तिनं आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडात कोंबला होता. साऱ्या घरात एकट्या बाबांनाच काही कळलं नव्हतं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, नियमाप्रमाणे, भल्या माणसासारखे.

पाळकसाहेबांनी मोजलं, पाकिटात घातलं, दोन्ही कुलपं लागली. मग पाकीट टेबलावर ठेवून ते दाराकडे निघाले.

"साहेब, पाकीट विसरलात."

"नाही मास्तर."

बाबा पाकिटाकडे बघत राहिले. मग बायकोकडे, मग चिमीकडे. मानेपासून कपाळापर्यंत लाल झाले. "हे नाही चालायचं," ते म्हणाले. "न्या परत. कुणी सांगितलं तुम्हाला? त्या हप्तेवाल्यानं?"

"हो, तुमच्या मेव्हण्यानं. माझ्यासमोर ढसाढसा रडला तो."

"बरं, मग कर्ज म्हणून घेतो. हात बरा झाला की पै न् पै फेडीन."

"कर्ज तुम्ही घेत नाही," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "आणि पेटी कर्ज देत नाही. दोन्ही नियम तुमचेच. आता मी काय करू ते सांगा."

बाबांचं घोडं तिथंच अडलं. तेव्हा आई पुढे झाली. नवऱ्याला उलट बोलणारी बाई नव्हती ती. पण त्या दिवशी बोलली.

"अहो, इतकी वर्षं तुम्ही पेटी उघडून खिडकीकडे तोंड करत आलात. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून, असं म्हणता. मग घेणं हे लाजेचंच, असं तुमच्या मनात होतं का? त्या सगळ्या माणसांना तुम्ही आपल्यापेक्षा खालचं समजत होतात का?"

"नाही गं," बाबा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तसं कधी नव्हतं मनात."

"मग उचला ते पाकीट."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाजही विरला. पाळकसाहेब दारात तसेच उभे. शेवटी बाबांनी पाकिटावर हात ठेवला आणि खुर्चीत बसून ते रडले. चिमीनं बापाला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिला भीती वाटली, आणि खोटं का बोला, बरंही वाटलं.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी काय करावं? उठले, हात धुतले, एकच हात, आणि पाकिटातला दहावा हिस्सा मोजून देवाच्या डब्यात टाकला!

"अहो मास्तर, हे देवाच्याच पेटीतले पैसे आहेत!" पाळकसाहेबांना हसू आवरेना. दाराची चौकट धरून ते हसत होते.

"घरात आलं, त्यातलं दहावं आधी," बाबा म्हणाले. "तेवढं तरी मला करू द्या."

दुसऱ्या दिवशी दोघं फी भरायला गेली. खिडकीपुढे ही लांब रांग. रांगेत ओळखीची माणसं, दुकानाची दोन-तीन गिऱ्हाइकंसुद्धा. बाबांनी धुतलेला कोट घातला होता, एक बाही हातावरच्या पट्टीमुळे नुसती खांद्यावर टाकलेली. खिडकीतल्या कारकुनानं पैसे मोजले आणि मान वर न करता मोठ्यानं विचारलं, "फी कोण भरतंय? वडीलच ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुणाला काय कळणार होतं? चिमीनं मनातल्या मनात म्हटलंही, म्हणा हो, बाबा.

"नाही," बाबा म्हणाले. मोजमाप सांगताना लागायचा तसा त्यांचा आवाज, सगळ्या रांगेला ऐकू जाणारा. "माझा हात बंद पडलाय. आमच्याकडे पैसे नव्हते. आमच्या चर्चच्या माणसांनी भरलीय फी."

कारकुनानं आता मान वर केली, एकदा बाबांकडे पाहिलं, पावतीवर शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचा."

दोघं बाहेर आली. फाटकाशी बाबा थांबले. मग त्यांनी विचारलं, "तुला लाज वाटली का गं?"

चिमीनं मान हलवली. नाही.

"मला वाटली," बाबा म्हणाले. "पण मेलो नाही."

आणि बरा असलेला हात तिच्या खांद्यावर टाकून, तिच्यावर थोडा भार देत, ते चालू लागले.